दाव्याआधीची कैफियत

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात दोन कागद आहेत, दोन्ही माझ्याच अक्षरातले. एकाच आठवड्यात लिहिलेले आणि एकमेकांच्या विरुद्ध. एक सगळ्या गावानं ऐकला. दुसरा फक्त माझ्या थोरल्या भावानं वाचला आणि घडी घालून परत दिला. गावात आता शाळा नाही.

मी निपाणीत एका वकिलांकडं कारकून होतो. गाव बोरगावच्या वाटेवर, बसनं अर्ध्या तासाचं. घरची शेती अण्णा बघायचे. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. ते सातवीनंतर वडिलांच्या हाताखाली शेतात गेले, म्हणून मला पुढं शिकता आलं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि न बोलता आयुष्यभर माझ्यावर त्याचं ओझं ठेवलं. बोलून दाखवलं असतं तर एखाद्या दिवशी भांडून मोकळा तरी झालो असतो.

आमच्या वकीलसाहेबांची एक पद्धत होती. कैफियत म्हणजे प्रतिवादीनं दाव्याला दिलेलं लेखी उत्तर. ते दावा दाखल झाल्यावर समोरच्या वकिलानं लिहायचं असतं. पण आमच्याकडं दाव्याचा मसुदा झाला की साहेब तो माझ्यापुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "आता कैफियत लिही." म्हणजे आपल्याच पक्षकाराच्या विरुद्ध. समोरचा काय म्हणेल, त्याला कुठं दुखेल, त्याच्याकडं कुठला कागद असेल, सगळं त्याच्या बाजूनं लिहायचं, आणि मनापासून लिहायचं.

पहिली कैफियत मी उरकून टाकली होती. साहेबांनी वाचली आणि शांतपणे फाडली. म्हणाले, "हा माणूस चोर आहे असं तू त्याच्याच तोंडून वदवून घेतलंयस. स्वतःला चोर समजून कोर्टाची पायरी कुणी चढत नाही. तो घरातून देवाला हात जोडून निघतो. तसा लिही." पुन्हा लिहिली. पुन्हा फाडली. चौथ्यांदा ठेवून घेतली आणि चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा.

या पद्धतीचा खरा भाग पुढंच होता. कैफियत वाचताना आपलीच मान होकारार्थी हलली, तर साहेब दावा दाखल करत नसत. एका शेतकऱ्याला चुलतभावावर बांध कोरल्याचा दावा करायचा होता. मी चुलतभावाची कैफियत लिहिली आणि लिहितानाच कळलं की बांध आमच्याच पक्षकाराच्या बापानं आधी सरकवलेला आहे. साहेबांनी त्याला बोलावून समजावलं, घरी जाऊन मिटवायला सांगितलं. तो मान डोलावून गेला, बाजारपेठेतल्या दुसऱ्या वकिलाकडं गेला आणि दावा जिंकला. नंतर रस्त्यात भेटला की मला नमस्कार करून हसायचा. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

ही सवय मी ऑफिसात ठेवून यायला हवी होती. मी ती बसमध्ये बसवून गावी आणली.

आमच्या भागात राजकीय मागणी म्हणजे रोजची भाकरी. पाट्या, उतारे, बसवरची गावांची नावं, शाळा, कुठल्या राज्यात असावं आणि कुठल्या नसावं. अण्णा त्यात तरुणपणापासून होते. दोनदा तुरुंगात जाऊन आलेले. एक नोव्हेंबरला, राज्याच्या स्थापनादिवशी, निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून बेळगावच्या फेरीला जायचे, ते पासष्टीनंतरही. त्याच दिवशी आमच्याच गावात, खालच्या गल्लीच्या टोकाला, कन्नड शाळेचे मास्तर शाळेच्या दोन खोल्यांपुढच्या खांबावर लाल-पिवळा झेंडा चढवायचे आणि पोरांना पेढे वाटायचे. त्या दिवशी मी दोन्हीकडचा. सकाळी अण्णांची फीत सेफ्टी पिनेनं पक्की करून द्यायची आणि संध्याकाळी मास्तरांचा पेढा खायचा. मला दोन्हीत काही वावगं वाटत नसे.

मास्तर मूळचे पलीकडं गोकाकच्या बाजूचे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. नोकरीसाठी आले आणि इथंच राहिले. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, मधेच एखादा "री" लावून. ऑफिसात मला कन्नडमध्ये अर्ज लिहावे लागत, आणि माझं कन्नड बाजारात शिकलेलं. ते अर्ज मी मास्तरांना दाखवायचो. ते शाळेच्या पायरीवर बसून लाल पेननं दुरुस्त करायचे, पोरांच्या वह्यांसारखेच, आणि खाली सही ठोकायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. माझं कन्नड जे काही बरं झालं ते त्या पायरीवर.

तर गावाची निवेदनं लिहायचं काम माझ्याकडंच असायचं. प्रत्येक निवेदनाची कैफियत मी आधी मनात लिहून बघायचो. अण्णांनी एकदा सांगितलं, सरकारी कागद मराठीत मिळावेत असं लिही. मी कैफियत केली. समोरचा म्हणणार, मग तिकडं अक्कलकोटच्या, जतच्या आमच्या माणसाला कन्नडमध्ये कागद द्याल का? मी स्वतःला विचारलं, द्यावेत का? द्यावेत. मग ते निवेदन मी बेधडक लिहिलं. त्यात एक ओळ घातली, की हाच हक्क पलीकडच्या कन्नड माणसालाही असावा. अण्णांनी ती ओळ खोडली.

"खरं हाय की अण्णा ते," मी म्हणालो.

"खरं असंल. पर आपल्या कागदात कशाला? त्यांचं ते लिवतील."

ओळ गेली. निवेदन गेलं. उत्तर आलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की समोरचा काय म्हणेल हा विचार आमच्या गावात गुन्हा नाही, नुसती अडचण आहे. पायातल्या खड्यासारखी. काढायची आणि चालू लागायचं.

वकीलसाहेब वारले. मुलानं ऑफिस चालवलं, पण कैफियतीची पद्धत त्यानं बंद केली. वेळ कुणाला आहे, म्हणाला. मी एकटाच करत राहिलो, जेवणाच्या सुट्टीत, एखाद्याला विडी ओढायची सवय असते तशी.

आणि मग त्या खोल्या आल्या.

गावात मराठी शाळा जुनी, कौलारू. पावसाळ्यात एका वर्गात बादल्या ठेवायच्या. ती बांधताना अण्णा दहा-बारा वर्षांचे होते आणि ओढ्यातून दगड वाहणाऱ्यांत होते. कुठल्या भिंतीत त्यांचा दगड आहे हे ते बोटानं दाखवायचे. कन्नड शाळा लहान, दोन खोल्यांची. तिच्यात सदलग्याकडून येऊन राहिलेल्या काही घरांची, वीटभट्टीवरच्या माणसांची आणि गावातल्या जुन्या चार-पाच कन्नड घरांची मुलं. दोन्ही शाळा सरकारीच. गायरानात चार नव्या खोल्या मंजूर झाल्या, संडास आणि पाण्याच्या टाकीसकट. कुठल्या शाळेला द्यायच्या ते गावानं ठराव करून कळवायचं होतं.

दोन-दोन वाटून घ्या, एवढं साधं होतं. पण अण्णांच्या डोक्यात वेगळं होतं. ते शाळेच्या समितीचे अध्यक्ष. मराठी शाळेतली मुलं दरवर्षी कमी होत होती. निपाणीच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गावात यायला लागल्या होत्या. अण्णांना भीती होती की आज ना उद्या कुणीतरी येईल आणि म्हणेल, पोरं नाहीत, शाळा कशाला. चारही खोल्या मराठी शाळेला मिळाल्या तर शाळा देखणी होईल, पोरं परत येतील, मग तिला कुणी हात लावणार नाही. चार खोल्या मिळायच्या तर दुसरी शाळा आड येत होती. म्हणून ठराव असा करायचा, की कन्नड शाळेत मुलं थोडी आहेत, ओढ्यापलीकडच्या गावात कन्नड शाळा आहेच, तिच्यात ही जोडावी.

"लिव तू," अण्णा म्हणाले. "आनि असं लिव की कुनाच्या बापाला उत्तर देता येनार न्हाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, डबा खाऊन झाल्यावर, मी कैफियत लिहिली. मास्तरांची. या वेळी मनात नाही, कागदावर, कारण मनातल्या मनात ती मला झेपेना. मी लिहिलं, की आम्ही गावात थोडे आहोत, पण थोडे असणं हा आमचा दोष नाही. थोड्यांच्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकता यावं म्हणून तुम्हीच आजवर रस्त्यावर उतरलात. राज्यात तुम्ही थोडे, गावात आम्ही थोडे. राज्यात तुम्हाला जे हवं ते गावात आम्हाला का नको? मुलं मोजून शाळा ठेवायची म्हटली, तर आज आमची जाईल आणि उद्या तेच माप घेऊन कुणीतरी तुमच्या दारात येईल. शेवटी लिहिलं, की पावसात ओढा चढतो, आणि लहान मुलगी तो कसा ओलांडणार हे ठराव लिहिणाऱ्यानं एकदा जाऊन बघावं.

वाचलं. माझी मान हलली. हलली कसली, खालीच गेली. साहेब असते तर दावा तिथंच फाडला असता.

संध्याकाळी मी तो कागद घेऊन गोठ्यात गेलो. अण्णा वैरण कापत होते. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्यानंच सगळं वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा, पण ते शब्द सोडत नसत. मला वाटलं, पटतंय. एका ठिकाणी थांबलेसुद्धा.

"हे कुनाच्या बाजूनं लिवलंयस?"

"मास्तरांच्या. ते काय म्हनतील ते. अण्णा, हे माप उद्या आपल्याला लावतील. साहेब असते तर म्हनाले असते, असा दावा..."

"तुझं साहेब कोर्टात हुतं. तितं दोगांचं ऐकून निकाल देनारा वर बसल्याला असतोय. हितं कोन हाय वर? मी पन्नास वर्सं ओरडतोय, एकानं तरी आपली कैफियत लिवून बघितली का? आपुनच का म्हनून लिवायची?"

त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि पुन्हा वैरणीकडं वळले. मग पाठमोरेच म्हणाले, "ती शाळा गेली तर माज्याकडं दुसरं काय ऱ्हायलंय सांग." आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मी कदाचित अडून बसलो असतो.

मी ठराव लिहिला. आता जे सांगतोय ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय. ठराव मी वाईट लिहू शकलो असतो. ढिसाळ, भोकं असलेला, वरच्या ऑफिसात कुणीही परत पाठवला असता असा. कारकुनाला ते सहज जमतं आणि कुणाला कळतही नाही. पण मी तो आयुष्यात लिहिला नाही इतका चांगला लिहिला. समोरचा काय म्हणेल ते मला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं, म्हणून मी एकेक दार आधीच लावून घेतलं. ते म्हणतील शाळा जुनी आहे. मी लिहिलं, जुनेपणा नव्हे, पटावरची मुलं हाच निकष असावा. ते म्हणतील लांब पडेल. मी लिहिलं, शेजारच्या गावातली सोय ही सोयच धरावी. ते म्हणतील भाषेचा हक्क. मी लिहिलं, थोड्या मुलांसाठी वेगळी शाळा ठेवणं दोन्ही शाळांना मारक आहे, यात भावनेचा प्रश्न आणू नये. मराठीत लिहिला, आणि वर पाठवायचा म्हणून कन्नडमध्येही लिहिला. मास्तरांनी सुधारलेल्या कन्नडमध्ये.

साहेबांनी मला समोरच्याच्या जागी बसायला शिकवलं ते दावा करावा की नाही हे ठरवायला. मी तिथं जाऊन बसलो आणि त्याचं घर कुठून फोडता येतं ते बघून आलो. समोरच्याचं म्हणणं समजणारा माणूस चांगला असतो असं लोकांना वाटतं. अख्ख्या गावात ते मला सगळ्यात जास्त समजलं होतं, आणि गळा मीच आवळला.

ग्रामसभेच्या दोन दिवस आधी मास्तर ऑफिसात आले. दुपारची वेळ, पक्षकार कुणी नव्हते. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आप्पा, एक काम होतं री. सभेत द्यायला एक कागद पाहिजे. आमच्या बाजूचा. मी लिहिलाय, पण मास्तरकीचा झालाय. वकिली भाषेत पाहिजे. तुम्हीच लिहून देता सगळ्यांचं."

ठराव मी लिहिलाय हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. गावात हे लपत नाही. तरीही आले होते. मला अजून कळत नाही, की हा त्यांचा विश्वास होता की मला एक संधी द्यायला आले होते. त्यांच्या बाजूचा कागद तयार होता. लिहून चार दिवस झाले होते. माझ्या गुडघ्याला लागून असलेल्या खणात होता. खण ओढायचा आणि कागद पुढं करायचा, एवढंच काम होतं.

"मास्तर, या आठवड्यात तारखा लई आहेत," मी म्हणालो. "वेळ न्हाय हो."

ते म्हणाले, "बरं, बरं." टोपी घातली. जाताना टेबलावरचा माझा एक कन्नड अर्ज नजरेखालून घातला, खिशातलं लाल पेन अर्धं बाहेर काढलं आणि पुन्हा आत सरकवलं.

ग्रामसभा देवळापुढच्या मांडवात झाली. मी ठराव वाचला, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. मास्तरांनी आपला कागद वाचला, दहा-बारा ओळींचा, सगळ्या विनंत्या. मुलांवर दया करा असं दोनदा लिहिलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, दया पायजे तर देवळात या. लोक हसले. अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही. हात वर झाले. माझाही झाला. ठराव वाचणाऱ्याचा हात खाली कसा राहील?

मांडव रिकामा होताना मास्तर माझ्याजवळून गेले. म्हणाले, "कन्नड लई सुधारलं तुमचं." टोमणा होता म्हणावं तर चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगून गेले.

पुढचं सगळं लवकर झालं. कन्नड शाळा ओढ्यापलीकडं जोडली गेली. मास्तरांची बदली झाली. मी त्यांना निरोप द्यायला गेलो नाही, निपाणीला काम काढून गेलो. पहिल्याच पावसाळ्यात वीटभट्टीवरच्या दोन मुली शाळेत जायच्या बंद झाल्या. पुढच्या वर्षी त्या बायकांबरोबर आमच्या उसातलं तण भांगलायला आल्या. अण्णांनी त्यांना ओळखलं की नाही कोण जाणे. मी त्या दिवशी शेतात गेलोच नाही.

चार खोल्या झाल्या. पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे. उद्घाटनाला अण्णांनी नवा फेटा बांधला. पुढची दोन वर्षं ते जितके हलके झाले होते तितके मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते. रोज सकाळी जाऊन टाकीत पाणी आहे का ते बघायचे. पण पोरं परत आली नाहीत. पोरं रंग बघून येत नाहीत. पिवळ्या गाड्या दोनाच्या तीन झाल्या, तिनाच्या चार. गाडीत बसणाऱ्यांत अण्णांचे स्वतःचे दोन नातू होते. सुनेला ते बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "तिचं बी म्हननं हाय की कायतरी." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्याची बाजू घेतली, ती घरात, आणि तीही दमल्यामुळं.

मग पत्र आलं. मराठी शाळेत मुलं थोडी आहेत, शेजारच्या गावातल्या मराठी शाळेत ती जोडावी असा विचार आहे, हरकत असल्यास महिन्याभरात कळवावी.

अण्णा पत्र घेऊन घरी आले आणि माझ्यापुढं ठेवलं. "लिव," एवढंच म्हणाले.

मी लिहायला बसलो आणि लिहिता येईना. दोन दिवस कोरा कागद घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी खण उघडला, घडी घातलेला तो जुना कागद काढला आणि समोर ठेवून उतरवून काढला. जिथं कन्नड होतं तिथं मराठी केलं, जिथं गाव होतं तिथं राज्य केलं, रस्त्यावर उतरल्याची आणि माप दारात येण्याची ओळ गाळली. बाकी एक शब्द बदलावा लागला नाही. ओढासुद्धा तोच, मराठी शाळेचं गावही ओढ्यापलीकडंच. थोडे असणं हा आमचा दोष नाही. पावसात ओढा चढतो. लहान मुलगी तो कसा ओलांडणार हे लिहिणाऱ्यानं एकदा जाऊन बघावं.

अण्णांना वाचून दाखवला. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "लई झकास. हे वाचून ज्याला पाझर फुटनार न्हाय तो मानूसच न्हवं." मी मान खाली घालून सहीसाठी पेन पुढं केलं.

महिन्यानं उत्तर आलं. कन्नडमध्ये, एक पान, आणि मागं एक झेरॉक्स टाचलेली. अंगणात बाजेवर बसून मी अण्णांना मराठीत सांगितलं. आपली हरकत वाचली. परंतु पटावरची मुलं हाच निकष असावा, शेजारच्या गावातली सोय ही सोयच धरावी आणि यात भावनेचा प्रश्न आणू नये, हे आपल्याच ग्रामसभेनं ठरावानं मान्य केलेलं आहे. ठरावाची प्रत सोबत.

अण्णांनी मागचा कागद हातात घेतला. झेरॉक्स मराठी ठरावाची होती. चष्मा पुसला आणि सगळा वाचला, शब्द न सोडता, गोठ्यात वाचला होता तसाच.

"अक्षर तुझं."

"व्हय."

"मग ह्याला उत्तर लिव."

"अण्णा, ह्याला उत्तर न्हाय. कुनाच्या बापाला देता येनार न्हाय असं लिव म्हनला हुता तुमी. तसंच लिवलंय मी."

अण्णा बाजेची दोरी बोटानं सारखी करत राहिले. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं माझ्याकडं बघितलं. "मास्तरांनी तवा काय उत्तर दिलतं? त्यातलं काय घावलं तर बघ की. कायतरी असंलच."

"त्यांचं उत्तर आपुन मागल्या म्हयन्यात आपलं म्हनून धाडलं, अण्णा. गोठ्यात तुमी वाचून मला परत दिलता त्योच कागद. मास्तर मागायला आलते माझ्याकडं. मी वेळ न्हाय म्हनालो."

अण्णांनी झेरॉक्सची घडी घातली, पहिल्यासारखीच, चार पदरी, आणि माझ्या हातात दिली. मग उठून नव्या शाळेकडं गेले, टाकीत पाणी आहे का ते बघायला.